‘कशावरून?’ : लहान मुलांना बारकाईने वाचायला शिकवताना

तिसरीतले मूल धडा न अडखळता वाचते, पूर्णविरामाला थांबते, प्रश्नचिन्हाला आवाज चढवते आणि आपण समाधानाने पुढच्या मुलाकडे वळतो. त्याच मुलाला वाचलेल्या मजकुराबद्दल एखादा साधा प्रश्न विचारला, तर पुष्कळदा ते पुस्तकात पाहत नाही. ते आपल्या चेहऱ्याकडे पाहते आणि उत्तर तिथे शोधते. त्याची नजर आपल्या चेहऱ्यावरून पुन्हा कागदावर कशी न्यायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

लहान मुलांना पायाभूत वाचन, लेखन आणि गणित यावे यासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा, असे त्यात अपेक्षिले आहे. शब्दांची गती घड्याळ लावून मोजता येते, त्यामुळे शाळाशाळांतून तिचा सराव भरपूर होतो. अर्थ समजण्याचा सराव मात्र ‘खालील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा’ इथेच थांबतो, आणि त्या प्रश्नांची उत्तरे प्रश्नातले शब्द धड्यात शोधून, ते वाक्य जसेच्या तसे उतरवून देता येतात. अर्थ न कळताही उत्तर बरोबर येते, ही यातली खरी अडचण आहे.

बारकाईच्या वाचनासाठी, म्हणजे प्रत्येक उत्तराचा आधार समोरच्या शब्दांतच शोधत सावकाश वाचण्यासाठी, उतारा लहान हवा. दुसरीसाठी चाळीस-पन्नास शब्द आणि तिसरी-चौथीसाठी साठ ते शंभर शब्द पुरेसे होतात. तो मुलांनी आधी वाचलेला किंवा ऐकलेला नसावा. चिऊ-काऊची गोष्ट घेतली तर मुले सगळी उत्तरे बरोबर देतील, पण ती कागदावरून दिलेली नसतील, आजीने सांगितलेल्या गोष्टीच्या आठवणीतून दिलेली असतील. केंब्रिज विद्यापीठात १९२० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला गेला, तेव्हा मोठ्या विद्यार्थ्यांनाही कवीचे नाव झाकून कविता दिल्या जात, तेही याच कारणासाठी : समोरच्या शब्दांखेरीज दुसरा आधार राहू नये. आणखी एक गोष्ट पाहावी. उताऱ्यात काहीतरी न सांगितलेले असले पाहिजे. ज्या गोष्टीत सगळे सांगून झाले आहे आणि शेवटी तात्पर्यही दिले आहे, तिच्यात मुलाला शोधायला काही उरत नाही. असे उतारे पाठ्यपुस्तकात हवे तेवढे मिळत नाहीत. ते स्वतः लिहावेत, वाटते तेवढे ते अवघड नाही. मी वर्गासाठी लिहिलेला हा एक उतारा पाहा :

“शाळा सुटली तेव्हा पाऊस सुरूच होता. मी धावत घरी आले. आजी ओट्यावर बसली होती. तिच्या मांडीवर तांदळाचे सूप होते, पण तिचे हात थांबले होते आणि नजर रस्त्याकडे होती. ‘भिजलीस ना?’ असे म्हणत तिने पदरानेच माझे डोके पुसले. ‘आजोबा अजून आले नाहीत?’ मी विचारले. ‘येतील,’ आजी म्हणाली. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, ‘येतीलच आता.’ मग तिने सूप बाजूला ठेवले आणि आत जाऊन दिवा लावला. बाहेर अजून उजेड होता.”

जेमतेम सत्तर शब्दांचा हा मजकूर तिसरीतले मूल मिनिटभरात वाचून संपवते. आपण त्याच्यावर तीन दिवस, रोज वीस-पंचवीस मिनिटे घालवणार आहोत. शक्य असेल तर दोन ओळींत मोकळी जागा सोडून त्याची एकेक प्रत प्रत्येक मुलाला द्यावी, कारण त्यावर पेन्सिलने खुणा करायच्या आहेत. प्रती काढण्याची सोय नसेल, तर उतारा फळ्यावर लिहून ओळींना क्रमांक द्यावेत आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगावे. उतरवून घेणे हेही एक सावकाश वाचनच आहे.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी प्रस्तावना करू नये. ‘आज आपण एका काळजी करणाऱ्या आजीची गोष्ट वाचणार आहोत’ एवढे एक वाक्य आपल्या तोंडून गेले, तरी मुलांचे सगळे काम आपणच करून टाकतो. आपण एकदा शांतपणे, अभिनय न करता वाचावे, मग मुलांनी मनात वाचावे, आणि त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : काय काय घडले? कोण होते, कुठे होते, आधी काय झाले, मग काय झाले, एवढेच. ‘का’ या प्रश्नाला अजून हात लावू नये.

शब्दांचे घोटाळे इथेच उघडे पडतात. शहरातल्या मुलाला ओटा म्हटले की स्वयंपाकघरातला गॅसचा ओटा डोळ्यांसमोर येतो आणि आजी त्याच्यावर का चढून बसली, हे त्याला कळत नाही. सूप म्हटले की त्याला वाटीतले गरम सूप दिसते. अशा वेळी अर्थ सांगून टाकण्याची घाई करू नये. ‘मांडीवर वाटी ठेवून हात थांबतील का? हात आधी काय करत असतील?’ असे विचारले की वर्गातल्या कोणाला तरी तांदूळ निवडणे आठवते, आणि तांदूळ निवडताना हातात काय असते, हे त्याच मुलाकडून इतरांना कळते. ओट्याचेही तसेच आहे, कारण तिथून रस्ता दिसतो, आणि ओटा ‘आत’ नाही, कारण दिवा लावायला आजी नंतर आत गेली आहे. उताऱ्यात खूण असेल तिथे शब्दाचा अर्थ मुलांनी काढावा. जिथे खूणच नाही, तिथे आपण सरळ सांगावा.

दुसरा दिवस

दुसरा दिवस पेन्सिलचा. पहिला प्रश्न असा विचारावा : ही गोष्ट सांगणारे मूल मुलगा आहे की मुलगी? नाव कुठेच नाही. बहुतेक मुले ताबडतोब एक उत्तर देतात, आणि गंमत म्हणजे पुष्कळ मुलगे ‘मुलगा’ म्हणतात. आता आपला मुख्य प्रश्न येतो : कशावरून? ज्या शब्दावरून कळले, त्या शब्दाखाली रेघ मारा.

मग शोध सुरू होतो. ‘मी विचारले’ यावरून कळत नाही, कारण मुलगाही ‘मी विचारले’ असेच म्हणेल. ‘मी धावत घरी आले’ यावरून मात्र कळते, कारण मुलगा ‘आलो’ म्हणाला असता. ‘भिजलीस’ हा दुसरा पुरावा, तो आजीच्या तोंडचा. घरी ‘मी आली’ असे बोलणारी मुले, विशेषतः विदर्भातली, पहिल्या पुराव्यापाशी थोडी थांबतात. त्यांना त्यांची बोली चुकीची आहे असे वाटू देऊ नये. ‘तुमच्याकडे आली, पुस्तकात आले’ असे दोन्ही शेजारी शेजारी फळ्यावर लिहावे.

मराठीत क्रियापदाच्या टोकाला किती माहिती भरलेली असते, हे मुलांना अशा शोधातूनच उमगते, आणि म्हणून माझ्या मते मराठीतले बारकाईचे वाचन शब्दांच्या शेवटांपासून सुरू करावे. ‘येतील’ हा शब्द घ्या. खूप जण येणार आहेत का? नाही, आजोबा एकटेच आहेत, पण त्यांच्याबद्दल आदराने बोलले आहे. आजी ‘येईल’ म्हणाली असती, तर आपल्याला कोण डोळ्यांसमोर आला असता? धाकटा काका, भाऊ, कदाचित बैल. एक अक्षर बदलले की माणूस बदलतो, हे लक्षात आल्यावर वर्गात जी कुजबुज सुरू होते ती थांबवू नये. पुढच्या उताऱ्यांसाठी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ ही जोडीही मनाशी ठेवावी. ‘आम्ही जत्रेला जाणार’ म्हटले तर ऐकणारा घरी राहणार आणि ‘आपण जत्रेला जाणार’ म्हटले तर तोही बरोबर येणार, एवढ्याशा फरकावर एक अख्खी गोष्ट उभी राहू शकते.

या उताऱ्यातला सर्वांत मोलाचा शोध मात्र ‘च’चा आहे. मुलांना सगळे ‘च’ शोधून गोल करायला सांगावे. अक्षर दिसले की गोल करणाऱ्यांसाठी आधी स्पष्ट करावे की शब्दाला मागून जोडलेलाच ‘च’ हवा. असे तीन सापडतात : सुरूच, पदरानेच, येतीलच. आता प्रत्येक वाक्य ‘च’ काढून मोठ्याने वाचावे आणि काय गेले ते विचारावे. ‘पाऊस सुरू होता’ आणि ‘पाऊस सुरूच होता’ : दुसऱ्या वाक्यात पाऊस बराच वेळ पडतो आहे आणि तो थांबेल असे वाटत असूनही थांबलेला नाही. ‘पदरानेच’ : आजी पंचा आणायला उठली नाही, जे हाताशी होते त्यानेच तिने डोके पुसले. ‘येतीलच’ इथे वर्गात हमखास दोन तट पडतात. काही मुले म्हणतात की आजीची खात्री आहे, ‘च’ म्हणजे नक्की. काही म्हणतात की खात्री असती तर पुन्हा सांगावे लागले नसते. दोन्ही बाजूंना उताऱ्यात आधार आहे. दुसऱ्या बाजूचा आधार ‘पुन्हा’ या शब्दात आहे, आणि तो मुलांनी दाखवेपर्यंत आपण गप्प राहावे. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजण्याची सवय मी मुद्दाम लावून घेतली, कारण आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो.

तिसरा दिवस

आता ‘का’ हा प्रश्न घ्यावा. आजीला काय वाटत होते? ‘काळजी’ हे उत्तर येतेच. कशावरून? मुले ‘काळजी’ शब्द शोधू लागतात आणि तो सापडत नाही. हा क्षण घाईने घालवू नये, कारण जे कुठेच लिहिलेले नाही ते आपल्याला कळले कसे, हा प्रश्न मुलांना आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच पडलेला असतो. थांबलेले हात, रस्त्याकडची नजर, पुन्हा म्हणणे, उजेड असताना लावलेला दिवा, असे पुरावे ती एकेक करून आणतात. ते फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहावेत.

दिव्याच्या प्रश्नावर उत्तरे सर्वांत जास्त येतात आणि आपली कसोटीही इथेच लागते. ‘पावसामुळे अंधार झाला होता म्हणून’ असे कोणी म्हणाले, तर त्याला शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला सांगावे. ते उत्तर उताऱ्याशी जुळत नाही आणि तसे स्पष्टपणे म्हणावे. ‘देवापुढे दिवा लावला, आजोबा सुखरूप यावेत म्हणून’ हे शक्य आहे, पण ‘देवापुढे’ असे लिहिलेले नाही, म्हणून त्याला ‘असू शकेल’ असे म्हणावे. ‘माझी आजीपण रोज संध्याकाळी दिवा लावते’ असे एखादी मुलगी सांगेल. तिचे ऐकून घ्यावे, आणि मग मायेने विचारावे : ती तुझी आजी, या आजीबद्दल इथे काय लिहिले आहे? मुलांची उत्तरे फळ्यावर ‘लिहिलेले आहे’, ‘लिहिलेल्यावरून कळते’ आणि ‘असू शकेल’ अशा तीन रकान्यांत मांडली, की कोणाचेही उत्तर खोडावे लागत नाही आणि कोणतेही उत्तर चालते, असाही समज होत नाही.

शेवटी प्रत्येकाने एकच वाक्य लिहावे : ‘मला वाटते की …, कारण उताऱ्यात … असे लिहिले आहे.’ दुसरीच्या मुलांनी ते तोंडी सांगितले तरी पुरे. या वाक्याला गुण देऊ नयेत. ‘कारण’नंतर उताऱ्यातला नेमका शब्द आला का, एवढेच वहीच्या कडेला टिपून ठेवावे. महिन्याभराने त्या टिपा एकत्र पाहिल्या, तर कोणते मूल कागदाकडे वळले आणि कोणते अजून आपल्या चेहऱ्याकडे पाहते, हे कळते. ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न कृपया विचारू नये. तो विचारला की मुले ‘मोठ्यांचे ऐकावे’ असले तयार उत्तर देतात आणि तीन दिवसांची मेहनत तिथे वाया जाते.

अडखळत वाचणाऱ्या मुलांना यातून वगळण्याचे कारण नाही. जोडाक्षरापाशी थांबणारे मूल ऐकलेल्या वाक्यातला ‘च’ नेमका पकडू शकते. त्याला उतारा दोनदा वाचून दाखवावा आणि रेघ मारायला तरबेज मुलाला जोडीला द्यावे. घरी अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलांना ‘हेच तुमच्या भाषेत कसे म्हणाल?’ असे जरूर विचारावे, कारण ‘येतीलच’मधला तो ‘च’ आपल्या बोलीत आणताना त्यांना त्याचा अर्थ आधी पक्का करावा लागतो. परदेशातल्या मराठी शाळांत मुलांना मराठी ऐकून समजते, पण देवनागरी सावकाश वाचता येते. तिथे उतारा आणखी आखूड घ्यावा, पद्धत तीच ठेवावी.

असा उतारा पंधरवड्यातून एकदा घेतला तरी पुष्कळ झाले. एरवी मुलांना पुस्तकाच्या पेटीतले हवे ते पुस्तक मोकळेपणी वाचू द्यावे आणि त्यावर एकही प्रश्न विचारू नये. प्रत्येक गोष्टीची अशी चिकित्सा होऊ लागली, तर मुले वाचनापासून दूर जातील.

भाषेच्या तासाबाहेर मात्र हीच सवय रोज वापरता येते, आणि गणितात तिचा उपयोग सर्वांत लवकर दिसतो. ‘आईने तीन मुलांना सहा पेरू दिले’ आणि ‘आईने तीन मुलांना प्रत्येकी सहा पेरू दिले’ ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. किती पेरू लागले, असे विचारावे. कोणी सहा म्हणेल, कोणी अठरा. बरोबर कोण, हे न सांगता खडू मुलांच्या हाती द्यावा आणि कोणत्या शब्दामुळे उत्तर बदलले, त्या शब्दाखाली रेघ मारायला सांगावे.