पाण्याच्या विद्युत अपघटनात ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्म्याहून कमी भरत असेल तर

लक्षण असं: विरल सल्फ्युरिक आम्ल, ग्रॅफाइटच्या कांड्या, ९ व्होल्टची बॅटरी. हायड्रोजन १० मिली जमला तरी ऑक्सिजन ५ च्या जवळपासही येत नाही, आणि धनाग्राखाली (बॅटरीच्या + टोकाला जोडलेल्या कांडीखाली) काळी भुकटी साचते. बॅटरी बदलली, आम्ल वाढवलं, फरक शून्य. वैताग आला.

कारण त्या काळ्या भुकटीतच आहे. धनाग्राचा कार्बन झिजतो, थोडा ऑक्सिजन त्याच्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो. शिवाय ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो.

उपाय याच क्रमाने: चष्मा आणि हातमोजे घालून १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात २ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं टाकून विरघळवा. ग्रॅफाइट काढून निकेलच्या तारा लावा (निकेल अल्कलीत टिकतं, आम्लात धनाग्र म्हणून विरघळतं). वायू न गोळा करता १० मिनिटं प्रवाह चालू ठेवा, म्हणजे द्रावण वायूंनी संपृक्त होईल. प्रवाह बंद करा. त्याच द्रावणाने परीक्षानळ्या काठोकाठ भरून तारांवर उलट्या ठेवा. तारेचा उघडा भाग पूर्ण नळीच्या आत हवा, नाहीतर बुडबुडे बाहेर पळतात. मग प्रवाह चालू. वाचन घेताना नळी वर-खाली करून आतली-बाहेरची पातळी एक करा, कारण पातळीतला फरक म्हणजे दाबातला फरक.

आता १० ला जवळजवळ ५ मिळतात.

मीठ मात्र वापरू नका, धनाग्रावर क्लोरीन सुटतो.