गाय घेताना कास कशी तपासावी

चाकणच्या बाजारात गाय बघायला थांबलात की विकणारा आधी कासेकडे बोट दाखवतो. आदल्या संध्याकाळी धारच काढली नाही तर सकाळी कुठल्याही दुभत्या गायीची कास तटतटून दिसेल. त्या आकारावर भाव ठरवू नका. समोर धार काढायला लावा आणि कास दोनदा तपासा, धारेआधी आणि धारेनंतर.

आधी मागे, पण लाथेच्या टप्प्याबाहेर उभे राहा. कास चार भागांची असते. प्रत्येक भागाचा सड वेगळा, आणि एका भागातलं दूध दुसऱ्यात उतरत नाही. म्हणजे एक सड बाद असेल तर तिथलं दूध शेजारच्या सडातून मिळेल ही आशा सोडा. मागचे दोन भाग मोठे असतात, साधारण 60 टक्के दूध त्यांचंच. मधोमध खोल खोबण दिसायला हवी. तिच्या आत एक लवचिक बंध असतो, कासेचा मुख्य भार त्याच्यावर तोललेला असतो. तो सैल पडला की खोबण पुसट होते, सड बाहेर फाकतात आणि कास मागच्या पायाच्या सांध्याखाली लोंबते. अशी कास चालताना पायांना घासते, खरचटते. कितीही लिटर सांगितलं तरी मी अशी गाय घेणार नाही.

आता हात लावा. बाजूने जा, पाठीवर थाप द्या, मग कासेवर तळहात वरून खाली फिरवा. चारही भागांचा मऊपणा सारखा लागला पाहिजे. एकच भाग गरम आणि दुखरा असेल तर दगडी, म्हणजे कासदाह, चालू आहे. गरम नाही, दुखत नाही, पण आत घट्ट गाठ लागते, तर दगडी होऊन गेलेली असू शकते. त्या भागाचं दूध सहसा पहिल्यासारखं होत नाही.

सडावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. अंगठा आणि दोन बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच चोळा. आत दोरीसारखं काही लागलं तर दुधाची वाट आक्रसलेली असते. टोकाला जेमतेम एक सेंटिमीटरची नळी असते आणि तिच्याभोवती स्नायूचं कडं. कडं फार आवळलेलं असेल तर धार बारीक येते, ढिलं असेल तर दूध आपोआप ठिबकतं आणि रोगजंतूंना आत शिरायला वाट मिळते. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या कापडावर घ्या. गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्त लगेच दिसतं.

पान्हा सुटायला सड धुतल्यावर मिनिटभर लागतं. म्हशीला त्याहून जास्त, कारण तिच्या कासेतल्या टाकीत आयतं दूध फारच थोडं असतं, बाकी सगळं वरच्या बारीक पिशव्यांत. म्हैस बघत असाल तर घाई करू नका. इंजेक्शनशिवाय पान्हवत नाही असं कळलं तर मात्र तिथूनच परत फिरा.

शेळीला दोनच भाग आणि दोन सड. तपासायची रीत हीच.

धार संपली की पुन्हा हात लावा. चांगली कास रिकामी होऊन सुरकुतते. मोठीच राहिली तर आत दुधाच्या ग्रंथींपेक्षा मांस आणि चरबी जास्त. पोटाखालून पुढे जाणारी जाड, नागमोडी शीर दिसली तर चांगलंच, कारण एक लिटर दुधामागे कासेतून 400 ते 500 लिटर रक्त फिरतं. पहिलारू गायीत ती शीर ठळक नसते, तेवढ्यावरून तिला नाकारू नका.

गाय घरी आणल्यावर धार काढली की लगेच दावणीत वैरण टाका. सडाचं तोंड पुरतं मिटायला अर्धा तास लागतो, आणि खाण्याच्या नादात ती तेवढा वेळ शेणात बसत नाही.