‘नाही’ आणि ‘सिद्ध होत नाही’: लॉजिक प्रोग्रामिंगच्या अभ्यासातील अनुभव

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे माझे गाव गोदावरीच्या काठावर वसलेले आहे. तरीही नांदेडला शिकत असताना प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या संगणकभाषेत मी लिहिलेल्या पहिल्या प्रोग्रामने ते गोदाकाठी नसल्याचे उत्तर दिले. पैठण आणि नांदेड यांची नोंद मी केली होती, गंगाखेडची राहून गेली होती. प्रोलॉग आधी विधान सिद्ध करू पाहते आणि सर्व वाटा तपासूनही ते सिद्ध झाले नाही, तर त्याचा नकार खरा धरते. नोंदीत नाही ते खोटे, हे गृहीतक संगणकशास्त्रज्ञ रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये मांडले. त्याच वर्षी कीथ क्लार्क यांनी नियमातील ‘जर’ हा ‘जर आणि तरच’ असा वाचून या नकाराला तर्कशास्त्राचा आधार दिला. ‘नाही’ आणि ‘सिद्ध होत नाही’ यांतला हा फरक नवख्याने पहिल्याच आठवड्यात पक्का करावा.

दुसरी अडचण क्रमाची आहे. ‘गोदाकाठी नसलेले गाव कोणते?’ असे विचारताना आधी गाव निवडून मग नकार तपासला, तर लातूर हे उत्तर मिळते. नकार आधी लिहिला, तर चलाला, म्हणजे गावाच्या नावासाठी ठेवलेल्या रिकाम्या जागेला, किंमतच नसल्याने काहीही हाती लागत नाही.

खरा कस मात्र नकार स्वतःभोवती फिरू लागला की लागतो. ‘बीडला जाणार नसेन तर लातूरला जाईन’ आणि ‘लातूरला जाणार नसेन तर बीडला जाईन’ या दोन नियमांवर प्रोलॉग फिरतच राहते. गेलफंड आणि लिफशित्झ यांच्या १९८८ च्या स्टेबल मॉडेलच्या मांडणीत आधी एक उत्तरसंच धरायचा आणि नियमांतून तोच परत मिळाला तरच तो उत्तर मानायचा; तेथे या नियमांची दोन उत्तरे निघतात, एक लातूरचे आणि एक बीडचे. व्हॅन गेल्डर, रॉस आणि श्लिफ यांच्या वेल-फाउंडेड मांडणीत विधान खरे, खोटे किंवा अनिर्णित असू शकते; तेथे ही दोन्ही विधाने अनिर्णित राहतात. यातील बरोबर कोणती, या प्रश्नात मी बरेच महिने घालवले. पर्यायी वेळापत्रके हवी असतील तर पहिली आणि मोठ्या माहितीसाठ्यातून एकच खात्रीचे निष्कर्ष हवे असतील तर दुसरी, असे आज माझे मत आहे. मात्र सुरुवात स्तरबद्ध प्रोग्रामांपासूनच करावी, कारण तेथे असे फेरे नसतात आणि दोन्ही मांडण्यांचे उत्तर एकच येते.

त्यानंतर कागदावर एक उदाहरण सोडवावे: ‘लातूरला जाणार नसेन तर लातूरला जाईन’. उत्तरसंच रिकामा धरला, तर नियम लागू होऊन लातूर मिळते. लातूर धरले, तर नियमच गळतो आणि संच रिकामा होतो. धरलेला संच कोठेच परत मिळत नाही, म्हणून या नियमाला एकही स्टेबल मॉडेल नाही.