राख पडलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवू नका

उसाचा गाळप हंगाम लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, संकेश्वर, निपाणी, अथणी या पट्ट्यात सकाळी गाडीच्या टपावर काळी राख दिसायला लागते. काही फडात पेटवलेल्या पाचटाची, काही कारखान्याच्या धुराड्यातून उडालेल्या चिपाडाची. फेब्रुवारीनंतर खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे वणव्यांचे दिवस येतात. 2023 च्या मार्चमध्ये चोर्ला घाटापलीकडे, गोव्याच्या म्हादई अभयारण्यात जंगल पेटलं होतं, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. एवढी राख बघूनही लोक तिला धूळच समजतात आणि धूळ पुसावी तशी पुसतात. बहुतेक गाड्यांचं नुकसान इथूनच सुरू होतं.

आजी राखेनं भांडी का घासायची, ते आठवा. राख घासते आणि तेलकटपणाही कापते. उसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे काच जिच्यापासून बनते तीच. शिवाय पोटॅशियम आणि कॅल्शियमचे क्षार असतात. रात्री दहिवर पडलं की त्यांचं क्षारी पाणी होतं आणि रंगावर डाग धरतं. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर असतो जेमतेम 40 ते 50 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून पातळ. पितळी तांब्याला जे चालतं ते या थराला चालत नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सकाळी कामाला जायच्या घाईत फिरवलेलं फडकं. हंगाम संपताना पॉलिशला येणाऱ्या काळ्या, गडद निळ्या गाड्यांची कथा ठरलेली असते. मालक सांगतो, रोज गाडी पुसतो, एक दिवस चुकवत नाही. ते खरंच असतं. बॉनेट ट्यूबलाइटखाली धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे चमकतात, आणि फडकं जिथून उलटं वळतं तिथे, काचेच्या कडेला, ते सगळ्यात दाट असतात. अर्ध्या बादलीत तेच फडकं बुडवून पिळलेलं असतं, म्हणजे आदल्या दारावरची राख पुढच्या दारावर घासलेली असते. पॉलिशनं चरे जातात, पण पॉलिश म्हणजे तोच पातळ थर आणखी थोडा उतरवणं. दर हंगामाला ते करत राहिलात तर एक दिवस खालचा रंग उघडा पडतो.

करायचं ते सोपं आहे, फक्त धीर हवा. गाडी सावलीत घ्या, बॉनेट हाताला गार लागू द्या. काचेखालच्या जाळीतला पाला आणि राख आधी कोरडीच हातानं किंवा व्हॅक्यूमनं काढा. पाणी पडल्यावर तिचा चिखल होऊन पाणी जायची भोकं बुजतात. मग साध्या पाइपनं टपापासून खाली पाणी सोडा, पाच-सात मिनिटं, हात न लावता. खाली येणारं पाणी काळं दिसेनासं झाल्यावरच साबण. दोन बादल्या घ्या, एकीत 10 लिटर पाण्यात बाटलीवर लिहिलंय तेवढाच कार शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला नुसतं पाणी. मायक्रोफायबर सरळ रेघेत ओढा, गोल फिरवू नका. दारांचा खालचा भाग शेवटी. बोअरचं पाणी असेल तर लगेच टिपून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके बसतात. भांड्यांचा साबण वापरू नका, तो वॅक्स उतरवतो. वॅक्सचा एक हात दिवाळीच्या आधीच मारलेला असला की राख पाण्याबरोबर सहज निसटते.

वायपरचंही तेच. कोरड्या राखेवर एकदा जरी चालवला तरी काचेवर कमान उमटते, आणि काचेचा चरा रंगासारखा पॉलिशनं जात नाही. आधी तांब्याभर पाणी ओता, वायपर उचलून रबर ओल्या फडक्यानं पुसा.

दुसरी चूक काळजीपोटी होते, म्हणून तिचं जास्त वाईट वाटतं: राख पडलेल्या गाडीवरच कव्हर घालणं. वाऱ्यानं कव्हर रात्रभर हलतं आणि राख दोघांच्या मध्ये पॉलिशपेपरसारखी घासत राहते. आरशाचा फुगवटा, दारांच्या मुठी, डिकीची कडा, जिथे कव्हर ताणलं जातं तिथे रंग आधी मंद होतो. प्लास्टिकच्या स्वस्त कव्हरात दहिवराची ओल कोंडते, ते वेगळंच. कव्हर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घाला. काढताना राखेची बाजू आत घडी करा आणि दूर नेऊन झटका. एवढं रोज जमणार नसेल तर कव्हर नकोच.

इंजिनच्या एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत बसवणं हा शॉर्टकट बंद करा. मळक्या बाजूनं जोरात हवा मारली की राख कागदात आणखी रुतते किंवा कागद फाटतो, आणि पुढचं सगळं इंजिनात जातं. एसीचा फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो. दोन्ही बाजूंचे खटके दाबले की खण खाली येतो. नवा बसवताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण बघा. साधा फिल्टर धूळ अडवतो, धुराचा वास नाही. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोलचा घ्या. परफ्यूम लटकवून वास जात नाही. धुरातून जाताना काचा बंद आणि हवा आतल्या आत फिरणारं बटण चालू, धूर मागे पडला की ते लगेच बंद.

आणि घाटात फोटोसाठी गाडी वाळक्या गवतावर उतरवू नका, फडाच्या बांधावर पाचटातही लावू नका. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर शुद्ध करणारा डबा, काहीशे अंशांपर्यंत तापतो. नव्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साठलेली काजळी जाळतो तेव्हा त्याच्या आत सुमारे 600 अंश सेल्सिअस असतं. गवत या तापलेल्या भागांना टेकलं तर पेटायला पुरतं. मोकळी माती किंवा डांबर बघूनच थांबा, आणि पुढे रस्त्यालगत जाळ दिसला तर गाडी तिथूनच मागे वळवा.