एक्साइटबाइक पुन्हा धावली

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून टीव्ही गेम खाली आला. १९८४ची एक्साइटबाइक, मोटारसायकल शर्यतीचा गेम, त्याच पिवळ्या कॅसेटमध्ये. लावली तर पडद्यावर नुसते चौकोन. लहानपणी फुंकर मारायचो. तेच चुकायचं, ओलाव्याने कॅसेटच्या आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. या वेळी पट्ट्यांवर खोडरबर अगदी हलका फिरवला (सोनेरी मुलामा असेल तर रबर नको), चुरा झटकला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड. कापूस काळाकुट्ट! दहा मिनिटं वाळू दिलं. तिसऱ्या खेपेला ट्रॅक दिसला.

आणि मी काय केलं? ‘बी’ बटण, म्हणजे जादा वेगाचा टर्बो, दाबूनच ठेवलं. टर्बोने इंजिन तापलं, गडी बाइकसकट कडेला. ट्रॅकवरच्या बाणांवरून नेली की ती थंड होते, हे साफ विसरलो होतो.