स्प्रिंग तुटूनही गाडी चालते, तिथेच फसायला होतं: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमची अकरा वर्षांची हॅचबॅक रोज सकाळी फाटकातून मागे घेताना एकदाच 'टण्ण' करायची. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळलं की आवाज, रस्त्याला लागलं की गप्प. बायकोचं म्हणणं, डिकीतला जॅक सुटला असेल. जॅक फडक्यात गुंडाळला, तरी टण्ण. गॅरेजवाल्याने बोनेट दोनदा दाबून पाहिलं आणि सांगितलं, लिंक रॉड (चाकाजवळचे छोटे जोडदांडे) गेलेत. दोन्ही बदलले, बिल भरलं. दुसऱ्या दिवशी फाटकात पुन्हा तेच.

उलगडा झाला तो पंक्चरच्या दुकानात. पुढच्या डाव्या चाकाची हवा दोनदा कमी झाली म्हणून गेलो होतो. पोऱ्याने चाक काढलं, टायर फिरवला आणि म्हणाला, "दादा, खिळा नाही लागलेला. आतून घासलंय. ती स्प्रिंग बघा." शॉकअपभोवतीच्या स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तुटला होता आणि त्याचं टोक, स्प्रिंग ज्या लोखंडी वाटीत टेकते त्या वाटीतून बाहेर येऊन टायरच्या आतल्या भिंतीवर रेघ ओढत होतं.

पहिली चूक इथेच होते. स्प्रिंग तुटली म्हणजे गाडी धाडकन बसेल, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. तुटतो तो टोकाचा अर्धा-पाऊण वेढा, कारण तो खालच्या वाटीत बसलेला असतो. तिथे चिखल साचतो, ओल राहते, खडी उडून रंगाचा टवका जातो आणि तेवढ्या जागी गंज पोलाद खायला लागतो. आमच्याकडे कोकणात खारी हवा वर फुकट. मग एखादा खड्डा निमित्त होतो. वरचे वेढे शाबूत असल्याने गाडी चालत राहते, फक्त तो कोपरा किंचित खाली जातो. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंगही फिरते. तुटलेलं टोक अडकतं आणि पीळ भरला की सुटतं, तोच तो टण्ण.

म्हणून न पाहता पार्ट बदलत बसू नका. लिंक रॉड, स्ट्रट माउंट (शॉकअप-स्प्रिंगची जोडी म्हणजे स्ट्रट, तिची वरची बैठक), लोअर आर्मचा बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं रबर), बॉल जॉइंट, सगळेच खडखडतात आणि आवाजावरून ओळखणं चांगल्या मिस्त्रीलाही कठीण जातं. बोनेट दाबून गाडी किती वेळा हलते, यावरून फार तर शॉकअपचा अंदाज येतो, स्प्रिंगचा नाही. त्यापेक्षा गाडी सपाट फरशीवर, रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, मग दुसऱ्या बाजूचं. चाकाच्या मध्यापासून मोजल्यामुळे टायरमधल्या कमी-जास्त हवेचा घोळ होत नाही. आमच्या गाडीत 18 मिलिमीटरचा फरक निघाला. तो महिनाभर समोर होता, कुणी टेप लावली नव्हती. नंतर स्टिअरिंग एका टोकाला वळवून हँडब्रेक लावा, वाटीतला चिखल पाण्याने धुऊन काढा आणि मोबाइलचा टॉर्च लावून आत व्हिडिओ घ्या. न धुता पाहाल तर चिखलाखाली तुटलेली जागा झाकलेलीच राहील. मागच्या चाकांना बऱ्याच लहान गाड्यांत स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी उभी असते, तिथे तुटका तुकडा कधी रस्त्यात पडूनही जातो. म्हणून दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांची खालची टोकं ताडून पाहा.

"गावाला जाऊन येऊ, मग बघू" ही सर्वांत महागात पडणारी चूक. तुटलेलं टोक टायरच्या आतल्या भिंतीजवळ असतं आणि ती भिंत टायरचा सर्वांत नाजूक भाग. घाटात किंवा एक्स्प्रेस वेवर तिथे चिरलं तर आवरायला वेळ मिळत नाही. टोक टायरला लागत असेल किंवा स्प्रिंग वाटीतून सरकली असेल तर गाडी हलवू नका. चारही चाकं वर घेणारी सपाट टोइंग गाडी मागवा. स्टेपनी लावून काही साधत नाही, नव्या टायरलाही तेच टोक लागणार.

वेल्डिंगचा सल्ला हमखास मिळतो. ट्रकचे कमान पाटे आपण लहानपणापासून पाहतो, त्यातलं एक पान तुटलं तर ते बदलून पाटा पुन्हा बांधतात. तेच गणित लोक या स्प्रिंगला लावतात. पण ही एकाच अखंड सळईची असते आणि तिची ताकद पोलाद तापवून, थंड करून दिलेल्या पाण्यात, म्हणजे कडकपणात असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचं ते पाणी उतरतं आणि ती तिथेच किंवा जोडाच्या शेजारी पुन्हा तुटते. वेढ्यांमध्ये रबरी बफर घुसवण्याचंही तसंच. गाडी उंच दिसते, आवाज दबतो, तुटकी स्प्रिंग तुटकीच राहते.

बदलायच्या तर एका धुरीवरच्या दोन्ही, म्हणजे पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही. मीही आधी पैसे वाचवायला एकच मागितली होती. मिस्त्रीने उजवी उतरवून खालच्या वेढ्यावरचा फुगलेला रंग नखाने उडवला, तर आत केसाएवढी चीर. दोन्हींनी सारखेच खड्डे खाल्ले होते. शिवाय एक नवी आणि एक थकलेली ठेवली तर गाडी तिरकी उभी राहते. भंगार बाजारातली जुनी स्प्रिंग या कामाला घेऊच नये, तिच्यातली चीर दिसणार नाही.

पार्ट मागवताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. त्याच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात, कारण डिझेल इंजिन जड. कंपनीच्या सीएनजी गाडीत टाकीच्या वजनामुळे मागच्या वेगळ्या निघू शकतात. चॅसिस नंबर द्या आणि जुन्या स्प्रिंगवर रंगाचे पट्टे शिल्लक असतील तर फोटो काढून ठेवा, ते तिचा भार ओळखण्याची खूण असतात.

आता एका गोष्टीवर मी कुणाशी वाद घालणार नाही: पुढची स्प्रिंग घरी खोलू नका. साधारण 900 किलोच्या हॅचबॅकचं 60 टक्के वजन पुढे धरलं, तरी एका चाकावर 270 किलो येतात. स्ट्रटमध्ये स्प्रिंग चाक लोंबकळत असतानाही दाबलेलीच असते. स्प्रिंग आवळून धरणारं दाबयंत्र न लावता वरचा नट सोडला तर ती उसळून तोंड फोडते. तुटकी तर दाबयंत्रातही वेडीवाकडी सरकते. ज्याच्याकडे भिंतीला किंवा स्टँडला पक्कं बसवलेलं दाबयंत्र आहे, त्याच्याकडेच जा. दोरीने बांधून काढणारेही भेटतात, त्यांना लांबून नमस्कार.

बसवताना उभं राहून दोन गोष्टी पाहा. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलंय का, कारण बोटभर फिरलेली बसली तर नव्या स्प्रिंगचाही टण्ण येतो. आणि लोअर आर्मचे बोल्ट सैल केले असतील तर ते चाक हवेत असताना शेवटचे आवळू नयेत, गाडी स्वतःच्या वजनावर आल्यावर आवळावेत. नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्ट्रट उघडलाच आहे तर माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा रबरी ठोकळा) आणि धूळ अडवणारं रबर तपासून घ्या, मजुरी दुसऱ्यांदा लागत नाही. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत, आणि टायरचे पैसे गाडीचं सोबत नुकसान झालं असेल तरच, तेही निम्मे.

जुन्या स्प्रिंगा मात्र मागून घ्या. आमच्या डाव्या स्प्रिंगच्या तुटलेल्या तोंडावर बाहेरच्या बाजूला नखाएवढा चंद्रकोरीसारखा भाग काळपट तपकिरी होता आणि उरलेला राखाडी, दाणेदार. काळा भाग जुन्या चिरेचा, राखाडी भाग शेवटच्या खड्ड्याचा. म्हणजे चीर कितीतरी दिवस पाणी पीत होती. आता समुद्रावरून आलो की आणि पावसाळ्यात दर रविवारी मी पाइप थेट त्या वाटीत धरतो.