खेळाडूची फिटनेस चाचणी घेताय? या चुका टाळा

जानेवारीत ६०० मीटर चांगलं धावणारी मुलगी मे महिन्यात दहा-पंधरा सेकंदांनी मागे पडते आणि तिची आई काळजीनं विचारते, "सर, रोज प्रॅक्टिसला येते, तरी हिचा दम कमी कसा झाला?" ग्वाल्हेरच्या लष्कर भागात खो-खो शिकवताना हा प्रश्न दर उन्हाळ्यात ऐकू येतो. बहुतेक वेळा दम कमी झालेला नसतोच. ग्वाल्हेरचा पारा मे-जूनमध्ये ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उकाड्यात शरीर स्वतःला थंड ठेवण्यासाठी बरंच रक्त त्वचेकडे वळवतं, त्यामुळे नाडी वाढते आणि पाय लवकर जड होतात. म्हणून मेमधल्या आकड्याची तुलना मागच्या मेशी करा, जानेवारीशी नको. वेळही तीच ठेवा. सकाळी सहाची चाचणी एकदा संध्याकाळी पाचला घेतली, तर त्या दोन आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून आपल्या गावात आहे, त्यामुळे चाचण्यांची नावं इथल्या पालकांनाही पाठ असतात. घोळ होतो तो मोजण्यात.

५० मीटर धावण्याचंच बघा. सर सुरुवातीच्या रेषेवर शिट्टी वाजवतात आणि स्टॉपवॉच घेतलेला मुलगा शेवटच्या रेषेवर उभा असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शिट्टी त्याच्या कानावर पडेपर्यंत सुमारे ०.१५ सेकंद उलटून गेलेले असतात. धावणारा मात्र शिट्टी ऐकून केव्हाच सुटलेला असतो. पोरं ज्या दशांश सेकंदासाठी महिनोन्‌महिने घाम गाळतात, तो इथे फुकटात मिळतो. उपाय सोपा आहे: शिट्टीबरोबर वर धरलेला रुमाल झटकन खाली आणा आणि घड्याळ रुमालावर सुरू करा. दोघांनी वेगवेगळ्या घड्याळांवर वेळ घेतली तर आणखी बरं. एकाच दिवशी एकाच मुलाच्या दोन धावांत ०.२ सेकंदांचा फरक पडत असेल, तर पुढच्या महिन्यात दिसलेल्या ०.१ च्या "सुधारणे"वर पेढे वाटू नका.

बीप टेस्टमध्ये, म्हणजे बीपच्या तालावर दोन रेषांमध्ये ये-जा करत पातळीगणिक वेग वाढवायच्या चाचणीत, चूक बहुधा जमिनीवर असते. अंतर २० मीटर हवं, आणि पुष्कळ ठिकाणी ते पावलांनी मोजून फक्की मारली जाते. समजा पट्टा १९ मीटरचाच भरला. आठव्या पातळीला वेग ताशी १२ किलोमीटर असायला हवा, पण खेळाडू प्रत्यक्षात ११.४ नंच धावतो. प्रत्येक पातळीला वेग अर्ध्या किलोमीटरनं वाढतो, म्हणजे एका पातळीपेक्षा जास्त सूट मिळाली. मेझरिंग टेप आणा, आणि दर वेळी आणा.

कूपर चाचणीत, म्हणजे १२ मिनिटांच्या धावण्यात, फेऱ्या मोजायला प्रत्येक धावणाऱ्यामागे एक जोडीदार ठेवा. २४०० मीटरला ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सूत्रानं साधारण ४२ (किलो वजनामागे मिनिटाला मिलिलिटर) येते. ४०० मीटरची एक फेरी चुकून जास्त धरली की तीच ५१ होते. बेताचा खेळाडू कागदावर एकदम दमदार!

क्रमाकडे फार कमी लोक लक्ष देतात. सगळं एकाच सकाळी उरकायचं म्हणून आधी ६०० मीटर पळवतात आणि मग धापा टाकणाऱ्या मुलांना लांब उडी मारायला लावतात. ती उडी ताकदीची राहत नाही, थकव्याची होते. आधी उंची-वजन, मग वॉर्म-अप, लवचिकता, चपळाई, उडी, छोटी स्प्रिंट, पुश-अप्स, आणि लांब धाव सगळ्यात शेवटी. जोर लावून केलेल्या दोन प्रयत्नांमध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती द्या. मुलं कंटाळतात, पण स्नायूंतली झटपट ऊर्जा भरून यायला तेवढा वेळ लागतोच.

बसून पुढे वाकायच्या चाचणीत बूट काढायला लावा, गुडघे सरळ आहेत का ते पाहा आणि हिसका मारू देऊ नका. तळपाय टेकवायच्या पेटीवर जी पट्टी असते, तिचा शून्य सगळ्या पेट्यांवर एकाच जागी नसतो, म्हणून पेटी तीच वापरा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आकडा घसरला तर रागावण्याआधी त्याची उंची मोजा. या वयात पाय धडाच्या आधी लांबतात आणि हात काही काळ बोटांपर्यंत पोचत नाहीत. बीएमआयचंही, म्हणजे उंचीच्या मानानं वजन दाखवणाऱ्या आकड्याचंही, तसंच आहे. मोठ्यांची मर्यादा मुलांना लावू नका, वयानुसार असलेला तक्ता वापरा.

एका आकड्यावरून संघ निवडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला चपळाई आणि पुन्हा पुन्हा उसळून धावण्याची ताकद लागते. १२ मिनिटांच्या धावेत मागे राहिलेली मुलगी खांबाजवळ सगळ्यांना भारी पडू शकते.

आणि ताप, जुलाब किंवा आदल्या रात्रीचं जागरण असेल तर चाचणी पुढे ढकला. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा घाम येत असून अंगावर काटा आला, तर लगेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर पाणी घाला आणि डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांची चाचणी दुसऱ्या दिवशी घेता येईल.